घड्याळ नसलेली मावशी

माझ्या बायकोच्या पाली गावच्या मावशीइतका देवाचा वेळ घेणारं माणूस अख्ख्या भाईंदरात सापडायचं नाही! मावशीकडे घड्याळ नाही. ती वेळ मोजते मारियामातेच्या प्रार्थनेत. बोंबील तव्यावर एका बाजूने आठ ‘नमो मारिया’ भाजायचे, अंडं दोन दशकं उकडायचं. आणि जपमाळेतले दहा मणी म्हणजे एक दशक, हे जावयाला ठाऊक नसेल तर त्याने कच्चं अंडं खायचं. लग्नानंतर पहिल्यांदा मासळी आणायला निघालो तेव्हा धक्का किती लांब म्हणून विचारलं. “अर्धी माळ,” ती म्हणाली. “वाटेत कोन भेटला तं पुरी!” देवाला दुसरी कामं नाहीत का, म्हणून मी चिडवायचो. “तो माझ्या शेगडीपाशी बसलेलाच हाय. त्याच्याशी बोलायला नको?”

बायको बाळंतपणाला मावशीकडेच होती. एका दुपारी कळा सुरू झाल्या आणि हातात घड्याळ असून मला काटे दिसेनात. मावशी मात्र एक हात पोटावर ठेवून माळ ओढत होती. “दोन कळांमदी एक दशक! जावई, रिक्षा आना!” रिक्षात ते अंतर पाच मण्यांवर आलं. रिक्षावाला घाबरला. “मावशी, कितना टाइम है?” “पाच नमो मारिया! भगाव!” त्याला कसं कोण जाणे, बरोबर कळलं, प्रत्येक स्पीडब्रेकरवर आमची डोकी छताला लागली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “किती वेळाने येताहेत कळा?” “तीन मनी!” बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी चक्क भाषांतर केलं, “पाऊण मिनिट.”

मुलगी झाली, असं सिस्टरने दारातून सांगितलं आणि ती घाईने आत पळाली. पण रडणं ऐकू येईना. येईचना. मी दाराला कान लावला. आणि मग एकदाचं आतून असं खणखणीत रडणं आलं की मी मावशीला मिठीच मारली!

“किती मणी झाले हो मधे?” मी नंतर विचारलं.

“मोजलंच न्हाय,” ती हळू म्हणाली. “तवा शब्दच न्हवते. देव न मी, दोगंबी गप बसलो व्हतो.”

मुलगी आता शाळेत जाते. हल्ली मावशीचे बोंबील वरचेवर करपतात. माळ मांडीवर, ओठ मिटलेले, ती शेगडीपाशी नुसती बसलेली असते. “आजी, किती नमो मारिया झाले?” मुलगी ओरडते, तेव्हा ती दचकून हसते. आम्ही करपलेले बोंबील मिटक्या मारत खातो. मावशी देवाच्या इतकी जवळ गेली याचा आनंदच वाटतो. फक्त आणखी जवळ जायची तिने घाई करू नये.