चर्चच्या आवारातली मिरची

त्या वर्षी मी प्रार्थना सोडली नव्हती, पण देव ऐकतो यावरचा माझा विश्वास मात्र उडाला होता. माझे यजमान गाडीवान. सातपुड्यातून लाकडं आणताना उतारावर गाडी कलंडली आणि त्यांचा पाय चाकाखाली सापडला. मिशनच्या दवाखान्यात जखम भरली, पण पाय वाकेना. तेव्हापासून ते खाटेवरून उठत नसत, कुणाशी बोलत नसत. मी रोज एकच मागणं मागायची, की त्यांचा पाय पहिल्यासारखा कर. पाय होता तसाच राहिला.

तळोद्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीने आम्हाला चर्चमागची खोली राहायला दिली होती. कुणाकडून भाकरी येई, कुणाकडून डाळ. लोक प्रेमाने देत, तरी रोज दुसऱ्याच्या घरचं खाताना घास उतरत नसे. एके दिवशी चर्चच्या पाळकांच्या पत्नी माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या मूळच्या नगरकडच्या. म्हणाल्या, "तुला काय काम येतं, ते मी कधी विचारलंच नाही बघ."

"माले मिरच्यास्नं काम येस," मी म्हटलं. माहेरी मिरच्या वाळवण्यातच मी वाढले होते.

बाईंनी तेवढंच धरलं. पाळकसाहेब एका गुजर शेतकऱ्याशी बोलले, आणि वाळवून, देठ खुडून परत द्यायच्या बोलीवर त्याने ओल्या लाल मिरच्यांच्या गाड्या पाठवल्या. चर्चचं सगळं आवार आम्हाला मोकळं करून दिलं. मंडळीतल्या दोन विधवा आणि शेजारच्या पिंजाऱ्याची सून कामाला आल्या. रविवारी लोक मिरच्यांमधल्या वाटेने अंग चोरून उपासनेला येत, आणि उपदेश ऐन रंगात आला की कुणीतरी हमखास शिंकत असे.

नाताळ जवळ आला होता. बाजाराचा दिवस, त्यामुळे बाकीच्या बायका बाजारात. पाळकसाहेब आणि बाई खेड्यावर गेलेले. मी नदीवर धुणं धूत होते. वर पाहिलं तर सातपुड्याकडून अवकाळी पावसाचं काळं आभाळ खाली उतरत होतं. भिजलेली मिरची काळी पडते. हा माल गेला तर पुन्हा आमच्या हाती कोण देणार? पिळे तसेच टाकून मी पळत सुटले. धाप लागली, आणि चर्च अजून लांब. तेव्हा मी एवढंच म्हटलं, "देवा, आते तूच दख."

थोडं पुढे गेले, तर चर्चची घंटा वाजायला लागली. ना रविवार, ना प्रार्थनेची वेळ. वाजते आहे ती थांबेचना.

मी पोचले तेव्हा आवारात अर्धं गाव जमलं होतं. पिंजारी चाचा पाण्याची घागर घेऊन धावत आले होते. "कोठे आग लागनी?" ते विचारत होते.

घंटा टांगलेल्या निंबाच्या झाडाखाली, एका पायावर, घंटेचा दोर घट्ट धरून माझे यजमान उभे होते. "आग नही, चाचा, मिरच्या शेतस. पानी येवाना पहिले चर्चमा टाका."

चाचांनी घागर खाली ठेवली आणि पहिली टोपली त्यांनीच उचलली. मग हिंदू काय, मुसलमान काय, सगळे टोपल्या उचलायला लागले. शेवटची टोपली आत गेली आणि सर कोसळली.

"तुम्ही आठे कसा उनात?" खाटेवरून इथवर आलेल्या यजमानांना मी विचारलं.

"तुले हाका मार्‍यात. कोनीच नव्हतं. मंग सरकत उनू," ते म्हणाले, आणि कितीतरी महिन्यांनी हसले.

त्यानंतर ते खाटेवर पडून राहिले नाहीत. काठी टेकत आवारभर फिरायचे, बायकांना वाळत घातलेली मिरची उलटायला सांगायचे. शेतकऱ्याने पुढच्या वर्षी जास्त माल पाठवला, आणि आमच्या घरून दुसऱ्यांकडे भाकरी जाऊ लागली. त्यांना त्या दिवशी खाटेवरून कोणी उठवलं, याचा मी वाद घालत नाही. मी पाय मागत होते; देवाने माणूस परत दिला.

पावसानंतरच्या रविवारी बाकांपर्यंत मिरच्यांचे ढीग होते. पाळकसाहेब मला म्हणाले, "आज उपकारस्तुतीची प्रार्थना तुम्ही करा." मी उभी राहिले, डोळे मिटले, तोंड उघडलं आणि शिंकांमागून शिंका. सगळी मंडळी हसली, यजमान सर्वांत मोठ्याने. देवाला रोज काय हवं ते सांगणारी मी, त्या दिवशी एक शब्द बोलू शकले नाही, आणि मागायचं काही उरलंही नव्हतं. मी नुसती "आमेन" म्हणून खाली बसले.