सांडशी माझ्या हातात

बापाच्या भट्टीवर मी बाराव्या वर्षापासून घण मारला. आई भाता ओढायची, मी घण मारायची आणि बाबा एका हातात सांडशी, दुसऱ्यात हातोडी घेऊन लाल लोखंडावर टिचकी मारून दाखवायचे, इथे मार. आमच्यात बाईने घण मारलेला चालतो, भाता ओढलेला चालतो, कोळसा वाहिलेला तर फारच चालतो. सांडशी तेवढी चालत नाही. सांडशी ज्याच्या हातात, लोखंड त्याचं. कुठे वाकवायचं, कधी थांबायचं, तापलेलं पातं पाण्यात कधी बुडवायचं, हे तो ठरवणार. पाणी द्यायची वेळ आली की बाबा आम्हा दोघींना बाहेर पाठवायचे. स्वयंपाकघरात मात्र सांडशी धरून उकळतं पातेलं उतरवलं तर कोणाचा धर्म बुडत नाही.

पुढे अर्धांगाच्या झटक्यात बाबांच्या उजव्या हातातली ताकद गेली आणि भट्टी थंड झाली. मी म्हटलं, मी चालवते. भाऊ हसला, बाबा हसलेही नाहीत. महिन्याभरात भावाने ऐरण एका पुणेकराला देऊन टाकली, त्याच्या देवरूखजवळच्या फार्महाऊसच्या अंगणात शोभेला. तिच्यावर आता कुंडी ठेवलीय म्हणे. ते ऐकलं त्या दिवशी मी ठरवलं, माझी भट्टी मी माझ्या घरी घालणार आणि सांडशी मी धरणार. रागात ठरवलं, हे कबूल.

सासरी घरामागचा गोठा रिकामाच होता. नवरा बोटीवर असतो, त्याला फोनवर सांगितलं.

"आमच्या आज्यान सोडलान तो धंदा, आनि तू परत घालतेस? लोक काय म्हनतील?"

"लोक कोयती मागतील," मी म्हटलं. त्याने फोन ठेवला. समुद्रावरून भांडायला रेंज लागते.

आता भट्टी बांधायची. आम्हा रत्नागिरीकरांना जांभ्याचा भारी गर्व. घर चिऱ्याचं, विहीर चिऱ्याची, कुंपणाचा गडगा चिऱ्याचा, मग भट्टी कशाची असणार? खाणीतून ताजे चिरे आणले आणि दुसऱ्याच दिवशी आत जाळ केला. ताज्या चिऱ्याच्या पोटात ओल असते हे शेंबडं पोरही सांगेल, पण मला घाई झाली होती. अर्ध्या तासात एक चिरा असा फुटला की शेजारपाजारचे सगळे परड्यात जमा झाले. एक म्हातारी म्हणाली, "बघ बाय, देवाला पन पटला नाय." मी म्हटलं, देवाला पटलंय, चिऱ्याला पटलं नाही. मग वारुळाची माती आणली, भाताच्या तुसात मळली, आतून चार बोटं लिंपली आणि या वेळी पंधरा दिवस सुकू दिली.

ऐरणीचं काम दाभोळच्या भंगारवाल्याकडे झालं. त्याच्याकडे मोडक्या लाँचचा शाफ्ट पडला होता, तांब्याच्या बुडाएवढा जाड. त्याचा हातभर तुकडा कापून घेतला, फणसाच्या ओंडक्यात उभा बसवला आणि ग्राइंडरने तोंड सपाट केलं. दिसायला तो ऐरणीसारखा मुळीच नाही, पण घाव परत फेकतो. भाता शिवणारा आता कोणी मिळत नाही, म्हणून हाताने फिरवायचा पंखा आणला. कोळसा करवंट्यांचा, तो मी पिंपात घरीच करते. पहिली वस्तू बनवली ती सांडशी. सळई लांब ठेवली की ती तापवायला दुसरी सांडशी लागत नाही, टोक हातातच राहतं. तिचे जबडे जरा वाकडे बसले, पण पकड घट्ट होती. घण मारायला माझ्याकडे माझ्यासारखी दुसरी कोणी नव्हती. म्हणून दोन किलोचा हातोडा घेतला आणि दोघींचं काम एकटीने करायला लागले.

ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांतून कोयती घडवायला मला अडचण आली नाही, ते हातांना पाठ होतं. पाणी मात्र येत नव्हतं. येणार कुठून, त्या वेळी मला बाहेर उभं करत होते ना. तीन कोयत्या पाण्यात टिच् करून तडकल्या. चौथ्या वेळी पाणी कोमट केलं, धारेचीच बाजू बुडवली, मग पातं घासून निखाऱ्यावर धरलं आणि सुक्या पेंढ्यासारखा रंग चढताच उचललं. ही टिकली. तडकलेल्या तिन्ही मी गोठ्याच्या दारावर टांगल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा. कोणी मागून कुजबुजण्यापेक्षा मीच दाखवलेलं बरं.

लोक येत होते, नाही असं नाही. पण सगळ्यांचं एकच, "नुसती धार लाव हां बाय, पानी नको देऊ." धार लावून लावून मी कंटाळले. शेवटी आंब्याच्या कलमांची राखण करणाऱ्या एका म्हाताऱ्याची कोयती ऐन कामात मोडली आणि त्याला बाजारात जायला सवड नव्हती. त्याने नाइलाजाने माझ्याकडून नवी घेतली. ती टिकली, आणि तो बोलका निघाला.

त्याचं बोलणं बाबांपर्यंत गेलं असावं. एका सकाळी ते एकटेच रिक्षातून उतरले. काही न बोलता डाव्या हातात माझी कोयती घेतली, धारेवर नख फिरवलं, मग परड्यातल्या हिरव्या बांबूवर एक घाव घातला. पातं पुन्हा उजेडात धरून पाहिलं.

"पानी बराय," ते म्हणाले.

मला रडू आलं असतं, पण त्यांनी लगेच कनवटीची पुरचुंडी काढली. आत त्यांचा ठसा होता. तीन टिंबं. पातं गरम असताना ती उठवली की आमच्या पंचक्रोशीत कोयतीला दुसरी ओळख लागत नसे.

"ह्यो मार. लोक डोळं झाकून नेतील."

ते खरं होतं, आणि मला तो हवा होता. खोटं कशाला बोलू? पण त्या तीन टिंबांखाली वर्षानुवर्षं माझेच घाव होते, आणि ते कोणाला माहीत नव्हते. मी माझा ठसा आधीच करून ठेवला होता. शेजारी शेजारी दोन भाताचे दाणे. तो त्यांना दाखवला.

"बापाचा ठसा नको झाला?"

"नको न्हाय बाबा. तो तुमचा हाय. पानी मी दिलंय."

"मग बस कोयत्या मोजीत," म्हणाले, आणि पुरचुंडी तिथेच टाकून, चहा न घेता रिक्षात बसले. जाताना त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडलेला दिसला. तरी मी हाक मारली नाही.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. भिंतीला आठ कोयत्या लटकल्या होत्या, दोन-दोन दाण्यांच्या, आणि गिऱ्हाईक एक नाही. ठसा बदलावा असं दिवसातून दोनदा मनात यायचं. नाही बदलला. हट्टाला औषध नसतं, आणि माझा तर वडिलोपार्जित आहे.

मग एका दुपारी माहेरच्या गावचा एक शेतकरी आला. मी त्याला ओळखत होते, त्याच्या घरात कायम बाबांचीच कोयती. मोडकी पुढे टाकून म्हणाला, "नवी घडव. तुज्या बापसान धाडलान."

"नुसती धार लावू का पानी पन देऊ?"

"पानी दे. आनि सांगितलान, ठसा तिचाच मारून आन. माजा मारलान, तर परत धाडीन."

मी भट्टी पेटवली. पंखा फिरवला, पाटा तापवला, त्याच्या डोळ्यांदेखत कोयती घडवली. पाणी द्यायची वेळ आली तेव्हा तो बाबांच्या भट्टीवरच्या सवयीने बाहेर जायला निघाला. मी म्हटलं, थांबा, बघा. पण त्याआधी ठसा उठवायचा होता. पातं ऐरणीवर ठेवलं, दोन दाणे टेकवले आणि हातोडा जरा जास्तच जोरात बसला. पात्याच्या पलीकडल्या बाजूलाही ते दाणे उमटले.