वैभववाडीत वाचलेलं गाऱ्हाणं

निवृत्त झाल्यावर माणसाला नसते उद्योग सुचतात. मला तुरुंगात लिहायला शिकवायचं सुचलं. तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं, तेव्हा मुलं तासाला पळून जायची. इथे तरी कुणी पळणार नाही, असा शिळा विनोद मी मालवणात भेटेल त्याला ऐकवायचो. दर गुरुवारी एसटीने जायचो. सातआठ कैदी सतरंजीवर बसायचे. कविता म्हटली की आई-ताई, पाणी-राणी अशी यमकं सुरू. मी वैतागायचो. "अरे बाबांनो, तुमच्या पोटातलं काहीतरी लिहा," म्हणायचो.

तसं लिहिलं ते एकानेच. तारकर्लीकडचा, चाळिशीचा, होडीवर मासेमारी करणारा. किनाऱ्यावर होडी कुणी कुठे ओढायची, एवढ्याशा भांडणात त्याने चुलतभावाच्या हातावर वल्हं मारलं होतं. तो हात कायमचा अधू झाला आणि याला दोन वर्षांची शिक्षा झाली. चुलत्याने दार बंद केलं, मागोमाग सगळ्या वाडीने त्याचं नाव टाकलं. आईबाप गेलेले, लग्न झालेलं नाही. वाडी हेच काय ते घर. सुटका दीड महिन्यावर आली होती आणि वाडी आपल्याला घेईल का, या एका काळजीने तो वाळत चालला होता.

त्याने लिहिलं होतं गाऱ्हाणं. आमच्याकडे देवळात किंवा किनाऱ्यावर मानकरी सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो आणि जमलेली माणसं दर वाक्याला एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात, तसलं. पट्टीच्या वहीचं एक पान, पेन्सिलीने लिहिलेलं. त्याने ते खाली मान घालून वाचलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान वल्ह्याचो फटको मारून भावाचो हात मोडल्यान. तो हात आता जाळा ओढूचो नाय. म्हाराजा, ज्या हातान मारलंय, तो हात त्येच्या जाळ्याक लाव. त्येच्या होडयेक बांगडो गावांदे. आणि माका वाडयेत पाय ठेवूक वाट दे रे म्हाराजा."

सतरंजीवरचे बाकीचे आपोआप 'व्हय म्हाराजा' म्हणाले. तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला असं काही लिहून दाखवलं नव्हतं.

वर्ग संपल्यावर तो जवळ आला. म्हणाला, "सर, नारळी पुनवेक आमच्या दर्यार सगळी जमतत. ह्यो कागद आमच्या मानकऱ्याकडे दिया. चुलतो थंय आसतलो. एकदा त्येच्या तोंडातसून 'व्हय म्हाराजा' इला काय मगे माका कोण परत धाडूचो नाय."

मी म्हटलं, "देतो." जेलरसाहेबांना दाखवून कागद पिशवीत घातला.

आणि मग वैभववाडीच्या साहित्य मेळाव्याचं बोलावणं आलं. नेमकं नारळी पौर्णिमेचं. माझा फोटो छापलेली पत्रिकाही आली. खोटं कशाला सांगू, मी भुललो. मनाशी म्हटलं, वाडीवरच्या पन्नास माणसांपेक्षा इथे तीनशे रसिक ऐकतील, त्याच्या लेखणीचं चीज होईल. मानकऱ्याला काय, नंतरही देता येईल. नंतर देऊन उपयोग नाही हे मला कळत नव्हतं असं नाही. मी ते कळून घेतलं नाही.

मेळाव्यात मी नाव न सांगता गाऱ्हाणं वाचलं. नुसतं वाचलं असतं तरी चाललं असतं. पण मी रंगात आलो. मानकऱ्यासारखा आवाज काढला आणि 'वल्ह्याचो फटको' म्हणताना हात उगारून दाखवला. सभागृहात हशा पिकला. पुढच्या दर ओळीला लोक हसत हसत 'व्हय म्हाराजा' ओरडायला लागले आणि मी त्यांना आणखी चढवत गेलो.

पुढच्या गुरुवारी मोठ्या फुशारकीने मी त्याला सांगितलं, "तीनशे माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणाली!"

त्याने विचारलं, "आमच्या वाडयेतलो कोण होतो थंय?"

"नाही."

"मगे दर्यार गाऱ्हाणा कोणी घातल्यान?"

मी चष्मा पुसत बसलो. त्याने पुन्हा विचारलं नाही. उरलेल्या दोन गुरुवारी तो सतरंजीवर बसला, पण पेन्सिल हातात घेतली नाही.

उशिरा का होईना, मी तारकर्लीला गेलो. चुलता माडाखाली जाळं शिवत होता. कागद पुढे केला तर त्याने हातसुद्धा लावला नाही. माझं वाचन कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं आणि ते फिरत फिरत वाडीत पोचलं होतं. नाव नसलं म्हणून काय झालं, वाडीला कळायचं ते कळलं होतं.

"माझ्या झिलाक त्या हातान घास उचलूक येणा नाय," म्हातारा म्हणाला. "आणि तुमी हात उगारून लोकांका हसवलास. पुनवेक ह्यो कागद हय इलो असतो तर मी काय म्हटलं असतंय, ता देवाक ठावक. आता इचारू नकात."

मी माफी मागितली. तो जाळं शिवत राहिला.

सुटकेच्या दिवशी मी रिक्षा घेऊन तुरुंगाच्या फाटकाशी उभा होतो. त्याला म्हटलं, माझ्या घरी चल, चार दिवस राहा, मग बघू. त्याने विचारलं, "चुलत्याक भेटलास?" मी सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. निदान तेवढं तरी धड करावं म्हणून.

"तेणी ता हसणा ऐकल्यानी?"

मी 'हो' म्हटलं.

"मगे आता मी दारात जावन कितीव रडलंय, तरी तेंका ताच हसणा ऐकाक येतला."

तो रागाने बोलला असता तर मला सोसलं असतं. त्याने मला नमस्कार केला आणि रस्ता ओलांडला. पलीकडे गोव्याची बस लागली होती, तो तिच्यात चढला. मी त्याला थांब म्हटलं नाही. म्हणायला मला तोंडच नव्हतं.