इतागुताईंच्या रांजणाचा गळा

शाशितुकाकूंच्या हातच्या बियरला अख्ख्या देब्रे मार्कोस गावात कुणी कधी नाव ठेवलं नाही, आणि त्याचं कारण त्यांची स्वच्छतेची खोड. ग्रावाच्या खरखरीत पाल्यानं रांजण आतून घासायचा, खंगाळायचा, पुन्हा घासायचा, मग रानजैतुनाच्या धुमसत्या ढलप्यांवर पालथा घालून धुरी द्यायची. आम्ही शेजारणी त्यांच्यासमोर साधं भांडं विसळायलाही घाबरायचो.

त्यांना न जुमानणारी एकच, थोरली बहीण. इतागुताई केसांना लोणी चोपडून बियर घालताना तशाच रांजणात डोकं घालायच्या आणि गळ्याला आतून तेलकट पट्टा उठायचा.

"लोकांना बियर पाजतेस की डोक्यावरचं लोणी?" काकू ओरडायच्या. ताई नुसत्या हसायच्या.

ताई गेल्या. त्यांचा रांजण काकूंनी धुतलाच नाही. दुपारी ऊन अंगणात पेंगू लागलं की त्या झाकण काढून आत डोकं घालायच्या. आत वास असायचा धुराचा, बियरमध्ये घालायच्या गेशोच्या कडवट पाल्याचा आणि ताईंच्या लोण्याचा. आत काहीतरी पुटपुटायच्या आणि आवाज गोल फिरून, जाड होऊन बाहेर यायचा. वाटायचं, आत दोघी बसल्यात आणि निवांत बोलताहेत. मीही कधी कधी काम टाकून ऐकत राहायची.

ताईंच्या वर्षाच्या जेवणाला सगळी आळी यायची होती. एवढ्यांना पुरेल असा रांजण तोच एक. काकूंनी तळ घासला, पोट घासलं.

"काकू, गळा राहिला," मी म्हटलं.

"तू तुझं बघ गं."

घातलेली बियर नासली. गळ्यातल्या लोण्याचा खवट वास पार दारापर्यंत आला. आम्ही ती गटारात ओतली. दुसऱ्यांदा घालण्यापुरते जव होते, दिवसही होते, पण जेमतेम.

"ताईच्या नावानं असलं पाजू होय लोकांना?" काकू स्वतःशीच भांडल्यासारख्या म्हणाल्या आणि पाला मागितला. मी घासते म्हटलं तर माझा हात झटकला. रांजण आडवा करून कमरेपर्यंत आत शिरल्या आणि घासत राहिल्या. आत रडत होत्या, स्पष्ट ऐकू येत होतं.

धुरी झाली. रांजण उभा केला. काकूंनी आत डोकं घातलं ते कितीतरी वेळ. त्या बाहेर आल्यावर मी हळूच विचारलं, "येतो का वास?"

"धुराचा," त्या म्हणाल्या. "नुसता धुराचा. आण पाणी."