आमच्या ऑर्केस्ट्राचं झोडणीचं गाणं

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील लोणावळ्याच्या इंजिन शेडमध्ये फिटर होते. युनियनची उरलेली पत्रकं घरी यायची आणि आई त्यांची माझ्या वह्यांना कव्हरं घालायची. त्यामुळे माझ्या गणिताच्या वहीवर पगारवाढीच्या मागण्या आणि भूगोलाच्या वहीवर संपाची हाक. वर्गात मी बोलायला उभी राहिले की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "झिंदाबाद!" ते चिडवायचे, मला मात्र अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो.

मॅट्रिकच्या आदल्या वर्षी आम्ही चौघांनी गॅदरिंगसाठी ऑर्केस्ट्रा काढला. नाव मोठं, वाद्यं तीन. माझा बुलबुलतरंग, चिक्कीवाल्याच्या मुलाची ढोलकी आणि आणखी एका वर्गमित्राचा माउथ ऑर्गन. गाणार होती माझ्या बाकावरची मैत्रीण. ती मळवलीच्या वरच्या डोंगरवाडीतून रोज उतरून गाडीनं शाळेत यायची. निबंध लिहायची शुद्ध आणि आमच्याशी बोलायची वाडीचंच, दोन्ही सारख्याच ठसक्यात. तिच्यासारखा गळा शाळेत दुसरा नव्हता.

पण तिची एक अट होती आणि ती तिनं फक्त मला सांगितली होती. "मी शाळेच्या कपड्यात गानार. पाला बांधायला लावला तर मी न्हाई."

आदल्या गॅदरिंगला तिला आणि वाडीच्या इतर मुलांना कमरेला डहाळे आणि डोक्याला पिसं बांधून स्टेजवर नाचवलं होतं. तो नाच गॅदरिंग बसवणाऱ्या आमच्या सरांनीच बसवलेला. वाडीत तसं कुणी नाचत नाही. नाच संपल्यावर पाहुण्यांनी तिच्या गालाला हात लावून कौतुकानं विचारलं होतं, "मराठी समजतं का गं तुला?" त्या सहामाहीला ती मराठीत वर्गात पहिली आली होती.

आम्हाला गाणं एकच मिळणार होतं, म्हणून भांडण मोठं. शाळेच्या पायरीवर बसून आम्ही वाद घालत होतो.

"सिनेमाचंच घ्यायचं," ढोलकीवाला म्हणाला. "हॉटेलातल्या रेडिओवर दिवसभर वाजतंय. पब्लिक उठून नाचेल."

"पब्लिकला रेडिओ आहे की मग. आपण कशाला हवेत?" मी म्हणाले.

"मग काय, तुझ्या मागण्या गाऊ या? पहिलं कडवं महागाई भत्ता?" माउथ ऑर्गनवाल्यानं टोला हाणला.

मैत्रीण इतका वेळ बोरं खात होती. बी थुंकून ती म्हणाली, "आमच्यात भाताची झोडणी चालू हाय. आई गाती ते ऐका एकदा. न्हाई आवडलं तर घ्या तुमचं शिनेमाचं."

रविवारी आम्ही मळवलीला उतरलो आणि वाडीवर चढलो. खळ्यावर तिची आई आणि दोन शेजारणी भात झोडत होत्या. पेंढी डोक्यावरून उचलायची आणि समोरच्या फळीवर आपटायची. आई गात होती:

"चिमणे, थांब कुडावर..."

धप्.

"तुझा वाटा ठेवलाय..."

धप्.

प्रत्येक ओळीनंतर गाणं गप्प व्हायचं आणि त्या गप्पपणात तिन्ही पेंढ्या एकदम पडायच्या. दाणे उडून आमच्या पायांवर आले. ढोलकीवाल्यानं सिनेमाचं नावही काढलं नाही.

चाल मला फारच आवडली. पण चिमणी? हजार माणसांसमोर उभं राहायचं आणि चिमणीला थांब म्हणायचं? मी आठवडाभर बसून त्या चालीवर माझे शब्द लिहिले. कष्टकऱ्यांनो, बेड्या, पहाट, सगळं होतं त्यात. पुढच्या रविवारी मोठ्या तोऱ्यात मी ते तिच्या आईसमोर, म्हणजे आमच्या मावशीसमोर धरलं.

"म्हनून दाखव की," मावशी म्हणाली आणि माझ्या हातात पेंढी दिली. "झोडत म्हन."

मी पेंढी उचलली आणि सुरू झाले. पहिली ओळ संपायच्या आत दुसरी लागत होती. शब्द ओळीत मावेनात, दम पुरेना आणि पेंढी माझ्या डोक्यावर तशीच तरंगत राहिली.

"अगं, बाईची पेंढी वरच ऱ्हायली!" शेजारीण हसून हसून खाली बसली.

मावशी हसली नाही. "पोरी, बोल चांगलं हायेत तुजं. पन ह्यात झोडायचं कवा? हाताला जागाच न्हाई ठिवली तू."

कान तापले माझे. कष्टकऱ्यांचं गाणं लिहिलं होतं मी, आणि कष्ट करणाऱ्या बाईला ते गाता येत नव्हतं. ज्याचा वाटा त्याला मिळालाच पाहिजे, एवढंच तर माझ्या चार कडव्यांत होतं. मावशीनं ते चिमणीला सांगून केव्हाच टाकलं होतं, आणि वर भातही झोडलं होतं. मी कागदाची घडी केली. तिथल्या तिथे आमचं ठरलं: मावशीचं गाणं, मावशीच्या शब्दांत.

मग तालीम. मला आणि माउथ ऑर्गनला सूर सापडले. अडला तो ढोलकीवाला. धपक्याची जागा आली की त्याची बोटं शिवशिवायची आणि तो तिथे तुकडा भरायचा.

"गप बस ना रे तिथं," मैत्रीण ओरडायची.

"गप बसायला ढोलकी कशाला लागते?"

"जागा भात झोडनाराची हाय, तुजी न्हाई!"

शेवटी ती त्याच्यासमोर बसून त्या जागी त्याची मनगटं धरायची. आठ दिवसांत तो गप्प बसायला शिकला.

गॅदरिंगच्या दिवशी मंडपामागे सर आंब्याच्या डहाळ्यांचा भारा घेऊन उभे. "वाडीचं गाणं ना? मग वेष नको का? बांध कमरेला, चल."

माझी मूठ वळली. "सर, हा माणसाचा अपमान आहे! कुठल्याही विद्यार्थ्याला..."

"तू गॅदरिंगला आलीस की मोर्चाला?" सर म्हणाले. "पाला नाही तर गाणं नाही."

मी पुढचं वाक्य तोंडात आणलं होतं. मैत्रिणीनं माझा दंड धरला. मला मागे सारून ती पुढे झाली.

"सर, आमी पाला बांधून झोडत न्हाई. खळ्यात पाला चालतच न्हाई, दान्यात मिसळतो."

तिनं सरांच्या हातातला भारा नीट, दोन्ही हातांनी घेतला. मंडपाच्या दाराशी गेली आणि डहाळे तिथल्या दोरीत एकेक खोवले. पाहुणे तेवढ्यात दारातून आत येत होते. "वा, तोरण छान!" म्हणाले. सरांना हसून मान हलवावी लागली. आता ते डहाळे काढायला लावणार कसे?

ती स्टेजवर गेली ती निळ्या स्कर्टात, पांढऱ्या ब्लाउजमध्ये, दोन वेण्यांना शाळेच्या रिबिनी लावून. पहिली ओळ तिनं म्हटली आणि थांबली. ढोलकीवाला थांबला, आम्ही थांबलो. मंडप भरून शांतता. मला वाटलं, संपलं, लोकांना वाटणार आम्ही विसरलो.

तेवढ्यात खुर्च्यांच्या मागून, खाली बसलेल्या बायकांतून, जमिनीवर तळहात पडले. धप्.

मावशी होती, शेजारणी होत्या. दुसऱ्या ओळीला बंगल्यांवर कामाला येणाऱ्या, भाताच्या गावांतल्या सगळ्या बायका त्यात आल्या. तिसऱ्या ओळीला मंडपाची जमीन हलली. मागच्या बाकावरची ती झिंदाबादवाली पोरंही हात आपटत होती. माझी बोटं बुलबुलतरंगावर होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते मी पुसलं नाही.

गाणं संपल्यावर मावशी ढोलकीवाल्याजवळ आली. "वाजवनं बरं हाय तुजं. पन गप ऱ्हायलास ना, ते लय ग्वाड."

दुसऱ्या वर्षी सरांनी डहाळे आणले, ते दारालाच बांधले.