वन्संनी मागे बसून निवडलेली गाडी

डहाणू तालुक्यातल्या माणसांना चेहऱ्याऐवजी पाठीवरून ओळखणारी बाई एकच आहे आणि ती माझी नणंद आहे, हे मी महालक्ष्मीच्या पायरीवर उभी राहून सांगायला तयार आहे. वन्संचं वय बावन्न. लग्न केलं नाही, आशागडला आमच्याच घरात राहतात आणि बावीस वर्षं तलासरीच्या एका शाळेत क्लार्क आहेत. या बावीस वर्षांत त्यांनी सायकलसुद्धा चालवली नाही. एसटी चुकली की (आणि आमची एसटी येते तीच चुकण्यासाठी) घरासमोरच्या थांब्यावर उभं राहायचं, ओळखीचं कोणी दिसलं की हात करायचा, आणि दोन्ही पाय एका बाजूला सोडून, पर्स मांडीवर घेऊन मागे बसायचं. शिक्षक झाले, दूधवाले झाले, चिकूचे व्यापारी झाले, पंचायतीचे मेंबर झाले. परिणाम असा की निम्म्या तालुक्याचे चेहरे त्यांना ठाऊकच नाहीत. वाणगावच्या एका लग्नात एक गृहस्थ हसत समोर आले, "काय मॅडम, ओळख विसरलात?" वन्संनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाल्या, "जरा वळा बघू." बिचारे हातात आईस्क्रीमची वाटी घेऊन वळले. "अगं बाई, कासाचे दूधवाले तुम्ही! डावा खांदा उतरलेला. आधी नाही का वळायचं?" मी तेव्हा माझ्या ताटातल्या जिलबीकडे अतिशय बारकाईने पाहत होते.

रस्त्याचंही तेच. आशागड ते तलासरी कुठला खड्डा कुठे आहे हे त्या डोळे मिटून सांगतात, कारण त्यांनी तो कधी पाहिलेलाच नाही, सोसलेला आहे. "पुढच्याला खड्डा दिसतो, वहिनी," त्या म्हणतात, "मागच्याला तो नुसता कळतो." कोण ब्रेक हळू मारतो, कोण बायको मागे नसली की गाडी पळवतो, कोण गाणं म्हणतो, या सगळ्याची नोंद त्यांच्याकडे आहे. एका मेंबरला तर त्यांनी मत दिलं नाही. का, तर तो गतिरोधकावर मागच्याला विचारत नाही.

हे असंच चाललं असतं, पण शाळेत नवे हेडमास्तर आले आणि त्यांच्याबरोबर अंगठ्याचं मशीन आलं. साडेदहाच्या आत अंगठा लागला पाहिजे. तीनदा उशीर झाला की एक रजा गेली. दिवाळीपर्यंत वन्संच्या रजा संपल्या. एका संध्याकाळी भाकरी मोडता मोडता त्या म्हणाल्या, "राजीनामा देते. थोडीच वर्षं राहिलीत." हे ऐकून मला आधी त्या शाळेची काळजी लागली. पाड्यावरची माणसं मुलाचं नाव घालायला येतात तेव्हा त्यांच्याकडे जन्मतारीख नसते. दुसरा कोणी असता तर एक जून लिहून मोकळा झाला असता. वन्सं त्यांना बसवतात, पाणी देतात आणि विचारतात, "बाळ झालं तेव्हा भात कापला होता की उभा होता? होळीच्या आधी की नंतर? त्या दिवशी बाजार होता का?" अर्ध्या तासाने तारीख सापडते, मग पुढच्या कागदांसाठी कुठे जायचं तेही त्या सांगतात. वन्सं नसत्या तर त्या शाळेतली निम्मी मुलं एकाच दिवशी जन्मली असती. मला त्यांचा किती अभिमान आहे हे मी तोपर्यंत कधी बोलले नव्हते. त्या दिवशीही बोलले नाही, भाकरी वाढली.

तोडगा ह्यांनी काढला. "इलेक्ट्रिक गाडी घे. स्वस्तातली. घरच्या बोर्डावर चार्ज होते, पेट्रोलची भानगड नाही." मग आठ दिवस आमच्या घरात बॅटरी, वॉरंटी आणि एका चार्जमध्ये किती जाते याशिवाय विषय नव्हता. वन्सं सगळं ऐकत होत्या आणि तांदूळ निवडत होत्या. रविवारी आम्ही तिघं डहाणू रोडला गेलो.

पहिल्या दुकानाचे मालक उत्साही. "या बेन, हा मॉडल बघा ने! मोठा डिस्प्ले, फोन जोडा, गाणी ऐका!" वन्संनी गाडीला एक चक्कर मारली, पदर खोचला आणि मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसल्या. पर्स मांडीवर.

"चला," त्या म्हणाल्या.

"बेन, पुढे बसा ने! गाडी तुम्हाला चालवायची ने?"

"मला चालवायचीय म्हणूनच मागे बसलेय. तुम्ही चालवा."

मालकांनी आमच्याकडे पाहिलं. हे छताच्या पंख्याकडे बघत होते. शेवटी मालक स्वतः वन्संना घेऊन पारनाक्यापर्यंत जाऊन आले. उतरताच निकाल: "सीटला उतार आहे. ब्रेक मारला की मागचा माणूस पुढच्याच्या अंगावर. आणि धरायला काही नाही." दुसऱ्या दुकानात पाय ठेवायची दांडी उंच निघाली, साडीवालीचा गुडघा हनुवटीला लागेल अशी. तिसरीकडे सीटच एवढीशी, की "मागच्याने आपलं घरीच राहावं." हे माझ्या कानात म्हणाले, "हिला वाटतंय, अजून कोणीतरी हिला सोडायला जाणार आहे." मी हसले. चांगलं खळखळून हसले, हे आज कबूल करते.

शेवटच्या दुकानात कोपऱ्यात धूळ खात एक गाडी उभी होती. मागच्या वर्षीचं मॉडेल, डिस्प्लेच्या नावाने आकडे दाखवणारी एक पट्टी, आणि किंमत सगळ्यांत कमी. पण सीट लांब आणि सपाट, मागे लोखंडी दांडी, पाय ठेवायची जागा खाली. वन्संनी मागे बसून एक फेरी मारली आणि प्रथमच बॅटरीचा प्रश्न विचारला. "दोघं बसल्यावर किती जाते ते सांगा. एकट्याचं नको." दुकानदाराने जरा घुटमळून कमी आकडा सांगितला. तलासरीला जाऊन-येऊन थोडी उरत होती. "हीच," वन्सं म्हणाल्या. दुकानदारालाच वाईट वाटलं. "बेन, ह्याच्यात गाणी नाय वाजत."

"मला शाळेत जायचंय, वरातीत नाही."

शिकणं चिकूच्या वाडीतल्या रस्त्यावर झालं. हे मागून धावायचे आणि वन्सं ओरडायच्या, "मागे हलकं लागतंय! कोणीतरी बसा!" कोणीतरी म्हणजे मी. दोनदा आम्ही दोघी चिकूच्या बुंध्याला भेटून आलो. तिसऱ्या दिवशी मात्र गाडी सरळ गेली, आणि एका खड्ड्याच्या अलीकडे वन्संनी मान न वळवता सांगितलं, "खड्डा येतोय, वहिनी. धरा." तीस वर्षं मी नवऱ्याच्या मागे बसतेय. खड्डा येतोय असं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा त्यांनी पहिल्याच फेरीत काढला, आणि मी गावभर पेढे वाटले.

मग तो सोमवार आला. मी फाटकात उभी होते. समोर थांब्यावर आमच्या गावचे म्हातारे गुरुजी शेअर रिक्षाची वाट बघत होते. वन्सं नोकरीला लागल्या तेव्हा पहिली बारा वर्षं, स्वतः निवृत्त होईपर्यंत, या गुरुजींनी आपल्या जुन्या स्कूटरवरून त्यांना तलासरीला नेलं. थांब्यावर वन्सं आहेत आणि स्कूटर थांबली नाही, असं एकदाही झालं नाही. आता त्यांना नीट दिसत नाही, स्कूटर विकली, आणि तलासरीला मुलीकडे जायचं तर रिक्षात ड्रायव्हरच्या बाजूला अर्धं बाहेर लटकून जातात. वन्संनी गाडी त्यांच्यापुढे उभी केली.

"बसा, गुरुजी."

गुरुजींनी आवाजावरून ओळखलं. "अगं, मी जन्मात कधी मागे बसलो नाही. भीती वाटते."

"मागे दांडी आहे, ती धरा. तुमच्यासाठीच बघून घेतलीय."

गुरुजींनी चाचपडत दांडी शोधली. ती बरोबर हाताखाली आली. मी पदराने डोळे पुसले आणि दुकानातलं माझं हसणं आठवून मेल्याहून मेले. संध्याकाळी मी विचारलं तेव्हा वन्सं चपला काढता काढता एवढंच म्हणाल्या, "मला नेणारे सगळे आता म्हातारे झाले, वहिनी. स्वस्तातली घ्यायची होती, पण त्यांना बसता येईल अशी हवी होती. आणि हो, अंगठा दहा वीसला लागला."

तेव्हापासून रोज सकाळी मी फाटकाशी उभी राहते. वन्संना नेणाऱ्या सगळ्यांच्या पाठी त्यांना पाठ आहेत, आपण वन्संची एक तरी नीट बघून ठेवावी असं मला वाटतं. कधी गुरुजी असतात, कधी कासाचे दूधवाले, उतरलेल्या डाव्या खांद्यासकट, कधी पाड्यावरची एखादी बाई, लेकराला पोटाशी धरून. गाडी आवाज न करता वळणापर्यंत जाते आणि दिसेनाशी होते. वन्संची पाठ काही मला अजून दिसलेली नाही. मागे रोज कोणीतरी बसलेलं असतं.