पोलादपूरच्या ठाण्यात जमा झालेली बंदूक

विधानसभेच्या प्रचाराने पुण्यात कान किटले, म्हणून शनिवारी पहाटे पोलादपूरकडे गाडी काढली. भोरवरून वरंधा घाट उतरलो. रस्ता अरुंद, वळणांवर खडी पसरलेली; पावसाळ्यात तो बंदही ठेवतात, तेव्हा चौकशी करूनच निघा. महाडला मिसळ खाल्ली. रस्सा बेताचाच.

मुक्काम आंबेनळी घाटाच्या अलीकडे एका वाडीवर, मित्राचे चुलते धोंडूकाका यांच्याकडे होता. पोचलो, तर काका गोणपाटात काहीतरी गुंडाळत होते.

"गाडी हाय ना? मग ठाण्यात सोड मला."

आत ठासणीची बंदूक होती, पीक राखायला परवान्यावर घेतलेली. आचारसंहिता लागल्यामुळे ती पोलिसांकडे जमा करायची नोटीस आली होती.

वाटेत काका एकदाच बोलले, "भात कापणीला आलंय. निवडणूक हाय म्हणून डुकरं थांबणार काय?"

हवालदाराने नंबर ताडून पाहिला, पावती दिली. बाहेर चौकात प्रचाराची जीप ओरडत होती, "आम्हाला निवडून द्या, शेतकऱ्याची बंदूक शेतकऱ्याच्या घरातच राहील!" काका जीप दिसेनाशी होईपर्यंत उभे होते.

जेवायला नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं. वाढता वाढता काकी म्हणाल्या, "बरं झालं, गेली ती."

काका ताटावरून उठले. मग काकींनीच मला सांगितलं. काकींचा धाकटा भाऊ रानात लाकडं आणायला गेला होता. झाडी हलली, कुणीतरी डुक्कर समजून बार काढला आणि तो जागीच गेला.

"बंदूक यांची नव्हती. पण अशीच व्हती."

"मग शेत सोडून देऊ काय गो?" दारातून काका म्हणाले. काकींनी माझ्या ताटात आणखी पिठलं वाढलं.

सकाळी शेतावर गेलो. निम्मं भात आडवं झालं होतं, चिखलात तुडवलेलं. काका बांधावर बसून राहिले. काकी मात्र खाली उतरल्या आणि लोंब्या वेचू लागल्या. पुढे महाबळेश्वरला जायचा बेत रद्द करून मीही दुपारपर्यंत वेचत होतो.

"माझं मत त्या जीपवाल्यालाच," काका म्हणाले.

"माझं नाय," काकी वाकूनच म्हणाल्या.

निकालानंतर मित्राचा फोन आला. तो उमेदवार निवडून आला. बंदूकही परत मिळाली, ती दर निवडणुकीनंतर मिळतेच. काकांनी ती भिंतीला टांगली, त्याच दिवशी काकी वरंधला बहिणीकडे निघून गेल्या.

"तुला कोणाचं बरोबर वाटतं?" मित्राने विचारलं.

तुडवलेलं भात मी पाहिलं होतं. भावाबद्दल सांगतानाचा काकींचा आवाजही ऐकला होता. मी त्याला एवढंच विचारलं, "काका त्यांना आणायला गेले का?"

"नाय रे," तो म्हणाला.